वरच्या काकू इजिप्तला जातात

आमच्या वरच्या काकूंना जेवढे प्रश्न पडायचे, तेवढे सगळ्या दोहा शहराला मिळून पडत नसतील, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती फार थोडी आहे. आखातात आलेल्या माणसाला साधारणपणे दोनच प्रश्न पडतात: सुट्टी कधी मिळणार, आणि मिळाली तर विमानात सामान किती नेता येणार. बाकीचं सगळं कुतूहल तो मुंबईच्या विमानतळावर सोडून आलेला असतो. काकू मात्र आपलं कुतूहल मिरजेजवळच्या आपल्या गावाहून जसंच्या तसं घेऊन आल्या होत्या आणि कतारच्या इतक्या उन्हाळ्यांनंतरही ते तसूभर वाळलं नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. लग्न होऊन जेमतेम चार महिने झालेले आम्ही दोघं नाशिकहून येऊन दोह्याच्या मुशैरिब भागातल्या एका जुन्या बिल्डिंगीत राहायला लागलो. आमच्या डोक्यावर काका आणि काकू. काका एका बांधकाम कंपनीच्या यार्डात क्रेनचे फोरमन. पोरी लग्न होऊन गेलेल्या. आमची खोकी अजून दोरीसकट पॅसेजमध्ये पडलेली असताना काकू हातात मुगाच्या खिचडीचं पातेलं घेऊन खाली आल्या, ते हिच्या हातात दिलं आणि आमच्या गादीच्या गुंडाळीवर बसत म्हणाल्या, "नाशिकचं व्हय? मग मला एक सांगा, तुमच्याकडची द्राक्षं आमच्या तासगावच्या द्राक्षापेक्षा येगळी का लागत्यात? माती कसली हाय तुमची?"

आम्ही दोघं जन्मापासून नाशिकचे. द्राक्षं खात मोठे झालेलो. पण मातीचं काही सांगता येईना. मी म्हणालो, "काळी असते." ही म्हणाली, "काही ठिकाणी मुरमाड." काकूंनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यात राग नव्हता, हळहळ होती. इतकी वर्षं त्या मातीवर राहिलात आणि कधी वाकून बघितलं नाही होय, अशी. त्या दिवसापासून मी 'ए नाशिककर' झालो आणि ही 'पोरी' झाली.

काकूंची शाळा सातवीला सुटली होती, पण भाषेवाचून त्यांचं कधी अडलं नाही. मराठी, बाजारातली हिंदी आणि इकडे तिकडे वेचलेली अरबी अशी तिन्हीची भेळ करून त्या बोलत. अरबीत त्यांचा सगळ्यात लाडका शब्द 'लेश', म्हणजे 'का?'. या एका शब्दावर त्यांनी अख्खं कतार पालथं घातलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका इराणी माणसाची रोटीची भट्टी होती. लोक रांगेत उभे राहायचे, नाणी ठेवायचे, रोट्या उचलायचे आणि चालू लागायचे. काकू रांगेत उभ्या राहिल्या की रांग थांबायची. पीठ रात्री भिजवता की पहाटे? कापडी उशी ओली करून रोटी भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवता, मग ती खाली का पडत नाही? हात भाजत नाही का? लेश? मागची माणसं 'यल्ला, यल्ला', म्हणजे 'चला, आटपा' करायची, पण तो इराणी मात्र उशी हातात धरून मन लावून समजावत असायचा. एकदा तर त्याने काकूंना आत बोलावलं आणि एक रोटी स्वतःच्या हाताने लावायला दिली. ती पडली. काकू आठवडाभर त्या पडलेल्या रोटीचाच विचार करत होत्या.

एकदा काकांची गाडी ट्रॅफिकच्या पोलिसाने अडवली. मी मागच्या सीटवर होतो. काकांनी घाम पुसत लायसन्स काढलं. तेवढ्यात काकूंनी खिडकीची काच खाली करून त्या उंचापुऱ्या पोलिसाला विचारलं, "ये टोपी काला रंग का, लेश? गरमी में डोका तापता नहीं?" काकांनी डोळेच मिटून घेतले. पोलिसाने टोपी काढली, आत हात फिरवून बघितला, तापते खरी, असं मान हलवून कबूल केलं आणि लायसन्स न बघताच आम्हाला जायला सांगितलं. अल रुवैसच्या बंदरावर सहलीला गेलो तेव्हा बाकीच्या बायका वाळूत चादरी पसरत होत्या आणि काकू जाळी विणणाऱ्या कोळ्यांमध्ये बसून मासे झोपतात का आणि झोपले तर वाहून कसे जात नाहीत, याची चौकशी करत होत्या. उत्तर त्यांना मिळालं नाही. पण येताना पिशवीत भला मोठा हामूर मासा होता, आणि त्याचे पैसे घ्यायला म्हणे कुणी तयारच झालं नाही.

आता असं हे माणूस ज्याच्याशी लग्न करून आलं, ते काका म्हणजे शब्दांचा दुष्काळ. दिवसभर यार्डात क्रेनच्या घरघरीत ओरडून घरी आल्यावर त्यांना बोलायचं उरत नसे, असं काकू म्हणायच्या. मला वाटतं, ते मुळातच तसे असावेत. काकूंच्या कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर असायचं: "आसंल." ह्या चिमण्या एवढ्या उन्हात पाणी कुठं पीत असतील ओ? आसंल कुठं तरी. समुद्राचं पाणी गोडं करत्यात, मग ते मीठ कुठं टाकत असतील? आसंल जागा. वरच्या मजल्यावरून काकूंचा प्रश्न आणि त्यामागून काकांचं "आसंल" आम्हाला खाली स्पष्ट ऐकू यायचं. ही एकदा म्हणाली, "तिकडून नुसतं 'आसंल' येत असेल, तर माणूस जगाला प्रश्न विचारणार नाही तर काय करेल?" तेव्हा मी हसलो. पण ती बोलली ते खोटं नव्हतं.

अशात एका ईदच्या आधी, बाजारातल्या एका ट्रॅव्हल एजंटाच्या काचेवर एक रंगीत कागद झळकला. प्राचीन इजिप्त, पाच दिवसांत, गाईडसकट, आणि तेही आमच्यासारख्या पगारदारांना झेपेल अशा दरात. काकू भाजीची पिशवी घेऊन थेट आमच्याकडे आल्या. "नाशिककर, आपण चौघं जायचं." मी म्हणालो, "काका येतील?" काकू म्हणाल्या, "ते माझं मी बघते." काकांचं म्हणणं असं, की दगड ते रोजच बघतात, दगड बघायला विमानात कशाला बसायचं? त्यावर काकूंनी वाद घातला नाही. नुसतं उठता-बसता, जेवताना, कामावर निघताना एकच शब्द चालू ठेवला: "न्हाई येनार? लेश?" आठवडा संपायच्या आत काकांनी पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

स्वस्तातल्या सहलीची एक रीत असते. हॉटेल चित्रात दिसलं त्याहून थोडं मागच्या गल्लीत असतं, जेवणात रोज तीच कोंबडी येते, आणि एक प्राचीन वास्तू पाहिली की एक अर्वाचीन दुकान पाहावंच लागतं. आमचा गाईड हानी हा कैरोचा तरतरीत तरुण. गुंडाळलेलं वर्तमानपत्र उंच धरून तो पुढे चालायचा आणि आमची बसभर मंडळी मागून. त्याचं इंग्रजी भाषण तोंडपाठ होतं. विनोदही ठरलेल्या जागी यायचे आणि ते झाल्यावर हसण्यासाठी तो थोडा थांबायचाही. गिझाच्या पिरॅमिडपुढे त्याने उंची सांगितली, दगडांचं वजन सांगितलं, विनोद केला, थांबला, आणि सवयीने म्हणाला, "कुणाला काही प्रश्न?" ते विचारताना तो पाठ फिरवून चालायलाही लागला होता, कारण आजवर कुणी काही विचारलेलं नसावं.

काकूंनी हात वर केला.

"ए नाशिककर, त्याला विचार, एवढी मानसं हितं राबत हुती, तर त्यांची भाकरी कोन थापत हुतं?"

मी भाषांतर केलं. हानी हसून म्हणाला, राजाच्या वतीने व्यवस्था असायची, आणि वर्तमानपत्र उंच केलं. पण काकूंचा प्रश्न कधीच एकटा येत नसे. पीठ कोण दळायचं? जात्यावर की पाट्यावर? सरपण कुठून, इथं तर झाड दिसत नाही? कांदा होता का? पाणी नदीवरून आणायला बायका की गडी? आणि एवढ्या माणसांनी सकाळी जायचं कुठं? हा शेवटचा प्रश्न इंग्रजीत कसा घालावा या विचाराने मी घामाघूम झालो, तेव्हा हिने तो घातला. हानी थांबला. वर्तमानपत्र खाली आलं. त्याने काकूंकडे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि पाठांतरातलं इंग्रजी सोडून, अडखळत, खऱ्या आवाजात बोलायला लागला. तो विद्यापीठात हेच शिकला होता. कामगारांची वस्ती सापडली आहे, त्यांच्या रोटीच्या भट्ट्या सापडल्या आहेत, मातीचे साचे सापडले आहेत. हे सगळं इथून पलीकडेच आहे, पण सहलीत ते नाही, कारण तिथे बघण्यासारखं काही नाही असं एजंट म्हणतो. "बघण्यासारखं न्हाई?" काकू म्हणाल्या. "भट्टी बघण्यासारखी न्हाई?" त्यानंतर कैरोत हानी आमच्या घोळक्याच्या पुढे कमी आणि काकूंच्या शेजारी जास्त चालत होता.

पपायरसच्या दुकानात तर कहर झाला. तिथला पोरगेला विक्रेता देठाच्या पट्ट्या ठोकून कागद कसा होतो त्याचं प्रात्यक्षिक दाखवून चित्रं गळ्यात मारण्याच्या तयारीत होता. काकूंनी त्याच्या हातातली मोगरी घेतली. पट्ट्या किती वेळ भिजवायच्या, आडव्या-उभ्या का, चिकटवायला खळ का लागत नाही, हे सगळं करून बघत त्यांनी वीतभर कागद स्वतः तयार केला. आमची मंडळी विकायच्या चित्रांकडे पाठ करून काकूंभोवती गोळा झाली. मालक आतून आला, चिडायचं विसरला आणि चहा मागवून बसला. त्या दुकानात आमच्या बसने काहीही विकत घेतलं नाही. मालक मात्र निरोप द्यायला दारापर्यंत आला.

आणि काका? काका गिझाला बसच्या एसीपुढे बसून चिवडा खात होते. मी बळेच खाली उतरवलं तेव्हा त्यांनी हाताचा आडोसा करून पिरॅमिडच्या टोकापर्यंत नजर नेली, "मोठा हाय," असं म्हणाले आणि परत जाऊन बसले. काकूंचा चेहरा क्षणभर पडलेला मी पाहिला. त्या लगेच दुसरीकडे बघायला लागल्या.

मग आम्ही लक्सरला गेलो. कर्नाकचं मंदिर म्हणजे खांबांचं जंगल. त्यातून बाहेर पडल्यावर उघड्यावर एक ओबेलिस्क उभा आहे. एकाच अखंड दगडाचा, खाली रुंद, वर निमुळता, आभाळात घुसलेला. हानीने नेहमीचं सांगितलं आणि घोळका पुढे सरकला. काका सरकले नाहीत. त्यांनी टोपी काढली. दगडाभोवती एक फेरी मारली. मग बुंध्याशी वाकून, जवळजवळ गुडघ्यावर येऊन, दगड आणि बैठक जिथे टेकतात तिथे डोळा लावला. उठून मागे गेले, आणखी मागे गेले, एका पडक्या भिंतीला टेकले. मी जवळ गेलो तर ते स्वतःशीच पुटपुटत होते.

"हितं क्रेन उभी कुठं केली आसंल?"

मी म्हणालो, "काका, तेव्हा क्रेन नव्हत्या."

"त्येच म्हंतोय मी," काका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "जागाच न्हाई हितं. भिताडं कडंला. मग वर घेतला कसा?"

हानी 'यल्ला' करत परत आला, तर काकांनी त्याचं मनगटच धरलं. यार्डातल्या हिंदीत विचारलं, "ये खडा कैसे किया?" हानीने सांगितलं, असा अंदाज आहे की चौफेर भिंती बांधून आत वाळू भरायची, उतारावरून दगड वर ओढायचा आणि खालून हळूहळू वाळू काढून घ्यायची, म्हणजे दगड आपोआप बैठकीवर उभा बसतो. पण नक्की कसं केलं ते कुणालाच ठाऊक नाही.

"कुनालाच?" काकांनी मला विचारलं.

"कुणालाच, काका."

काकांनी टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली. काकू थोड्या अंतरावर उभ्या राहून नवऱ्याकडे बघत होत्या. आता या माणसाला हाक मारावी की मारू नये, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. हॉटेलवर जाताना बसमध्ये आमच्या मागच्या सीटवर जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही.

"वाळू काडताना एका अंगाला तिरका सुटला तर?"

"मग दोर कशाला हाय ओ?"

"दोर कशाचा?"

"सुंभाचा आसंल. न्हाईतर खजुरीचा."

"खजुरीचा दोर एवढा भार घेतोय व्हय? खुळी का काय तू!"

"पिळून पिळून जाड केला तर घील की!"

हिने माझ्या हाताला चिमटा काढला. एवढं लांब बोलणं त्या दोघांत झालेलं आम्ही खालच्या मजल्यावरून कधी ऐकलं नव्हतं. रात्रीच्या जेवणात तीच कोंबडी आली आणि ती कुणाच्याही लक्षात आली नाही. काका मिठाच्या ढिगात टूथपिक उभी करून बघत होते.

शेवटच्या दिवशी नदीपलीकडच्या डोंगरात थडगी बघायची, मग संगमरवरासारख्या दगडाच्या एका दुकानात जायचं, आणि तिथून थेट विमानतळ. तिथून कैरो आणि कैरोहून दोहा. ईदची सुट्टी संपत होती, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कामावर हजर व्हायचं होतं. एका सरदाराच्या थडग्यात भिंतीवर रोटी करणारी माणसं रंगवलेली होती. कुणी पीठ मळतंय, कुणी विस्तवापुढे बसून डोळ्यांवर हात धरतंय. काकू त्या चित्रापुढे खिळल्या. "पीठ आंबवत हुते का रं हे? कशानं आंबवत हुते?" पण वेळ नव्हता. हानी स्वतःच कळवळून म्हणाला, "मॅडम, विमान!" आणि आम्ही बाहेर आलो.

दुकानात आमची मंडळी फुलदाण्या उलटसुलट करत असताना काका माझ्याजवळ आले. "ही कुठं हाय?" मी म्हणालो, असतील आत. आत नव्हत्या. बसमध्ये नव्हत्या. बाथरूमपाशी ही जाऊन आली, तिथेही नाहीत. ड्रायव्हरने हॉर्न दिला. एकेक करून सगळे बसले आणि कुरकुर सुरू झाली. हानीचा चेहरा पांढराफटक पडला, कारण विमान चुकलं तर एजंट त्याला पुढची सहल देणार नव्हता. पुढच्या सीटवरचे एक गृहस्थ म्हणाले, बस जाऊ दे, त्यांचे लोक त्यांना घेऊन टॅक्सीने येतील. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं.

काका खाली उतरले, बसच्या अगदी पुढे जाऊन उभे राहिले आणि बंपरवर हात ठेवला. यार्डात क्रेनच्या वर असलेल्या माणसाला ऐकू जावं अशा आवाजात ते ओरडले, "खलास! बंद कर! माझी बायको न्हाई बसमधी!" एक 'खलास', म्हणजे 'पुरे', सोडला तर बाकी सगळं मराठीत ओरडले. ड्रायव्हरला काय समजलं कोण जाणे, इंजिन बंद झालं. आणि मग माझ्याकडे वळून काका अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "नाशिककर, तिला हितलं कायबी ठावं न्हाई रं."

दुकानाच्या मागे चढावर त्या काळी एक वस्ती होती. डोंगरातल्या थडग्यांच्या डोक्यावरच बांधलेली निळी-पिवळी मातीची घरं. हानी, काका आणि मी धापा टाकत चढलो. एका घराच्या अंगणात ओळीने मातीच्या थाळ्या मांडलेल्या, प्रत्येक थाळीत कोंडा पसरून त्यावर गोल गोळा, आणि सगळं उन्हाला लावलेलं. मधोमध काळ्या कपड्यातली एक म्हातारी आणि तिच्यासमोर बाह्या मागे सारून, कोपरापर्यंत पिठात बुडालेल्या आमच्या काकू. म्हातारी अरबीत बोलत होती, काकू मराठीत. दोघींचं छान चाललं होतं.

"आलात व्हय," काकू म्हणाल्या. "ओ, ही भाकरी उन्हात फुगती! दुसरं काय लागत न्हाई. त्या थडग्यातल्या भितीवरच्या बायका अशाच करत आसतील का, नाशिककर, विचार की त्याला."

काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर पडणार. पण त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. हानीने म्हातारीला विचारलं. तुला हे कुणी शिकवलं? आईने. तिला? तिच्या आईने. त्याच्या आधीचं तिला माहीत नव्हतं, आणि असं कुणी विचारतं याचंच तिला हसू येत होतं. हानी भाषांतर करता करता थांबला. म्हणाला, मी दर आठवड्याला बस घेऊन खालच्या दुकानात येतो, या चढावर आज पहिल्यांदा आलो. मग तोही म्हातारीला विचारत सुटला आणि ते आमच्यासाठी भाषांतरित करायचं विसरला.

"विमान," मी म्हणालो.

"पर अजून भाजायची हायत," काकूंचा जीव पिठातून निघेना. "किती येळ ठेवायची उन्हात, तेवढं तरी कळू दे." त्यांनी आभाळाकडे आणि थाळीकडे बोट दाखवलं. म्हातारीने हात उंच करून सूर्य असतो तिथे नेला, तिथून खाली डोंगराच्या कडेपर्यंत आणला आणि थांबवला. काकूंनी तसाच हात करून दाखवला. म्हातारीने मान हलवली. मग आत जाऊन आदल्या दिवशीच्या भाकरी आणून काकूंच्या पदरात घातल्या.

बसमध्ये आम्ही चढलो तेव्हा सगळे आमच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होते. काकूंनी एकेकाच्या हातात भाकरीचा तुकडा ठेवत, त्यावर आपल्या डब्यातली लसणाची चटणी टेकवत, मागपर्यंत फेरी मारली. बस जाऊ दे म्हणणाऱ्या गृहस्थांनी दुसरा तुकडा मागितला. विमान मिळालं, अगदी दार लावता लावता मिळालं. हानीने विमानतळावर काकूंचे हात दोन्ही हातांत घेतले, आणि पुढच्या घोळक्याला त्या चढावर नेणार, असं सांगितलं. एजंट काही म्हणो.

दोह्याला परतल्यावर आमच्या बिल्डिंगीच्या गच्चीचं काय झालं ते सांगायलाच हवं. काकूंनी पोळपाट, ताटं, झाकण्या, मिळेल त्यावर गोळे मांडून उन्हाला लावले. पहिल्या वेळी धूळ बसली. दुसऱ्या वेळी कबुतरांनी टोचे मारले. कतारचं ऊन इजिप्तच्या उन्हापेक्षा घाईचं, त्यामुळे तिसऱ्या वेळी वरून कवच आणि आत लगदा. पण काकू हटल्या नाहीत, आणि एकट्याही नव्हत्या. गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात काका. यार्डातून आणलेल्या लाकडी फळ्यांची पेटी, तिच्यात वाळू, तळाला एक भोक, आणि वर फुटपाथचा एक लांबट दगड. शुक्रवारी सकाळी काका वाळू सोडायचे, दगड कलंडायचा, काका शिवी द्यायचे आणि काकू पिठाच्या हाताने येऊन सांगायच्या, "भोक डावीकडं घेतलंसा तुमी!" बिल्डिंगीचा राखणदार मालकाकडे तक्रार घेऊन गेला, की वरचे इंडियन गच्चीवर काहीतरी बांधत आहेत. मालक स्वतः बघायला आला. काकूंनी त्याला बसायला स्टूल दिलं. त्याच्या देखत दगड सरळ उभा राहिला. म्हातारा मालक टाळ्या वाजवत उठला, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. भाकरी मात्र त्या दिवशीही कच्चीच होती.

पुढे काका निवृत्त झाले. आखातात नोकरी संपली की राहणंही संपतं. काकू जाताना एअरपोर्टवर रडल्या नाहीत. सामान सरकत जातं तो पट्टा पुढे कुठे जातो, हे काउंटरवरच्या मुलीला विचारत होत्या. ती गल्ली, ती भट्टी, आमची बिल्डिंग, सगळंच नंतर पाडलं गेलं आणि आम्ही दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मदला मोठं घर भाड्याने घेतलं. तिथे डोक्यावर कुणी राहत नाही.

मधल्या एका सुट्टीत आम्ही दोघं मिरजेला उतरून त्यांच्या गावी गेलो. काकू थकल्या होत्या, पण ओसरीवर पाय ठेवायच्या आत त्यांनी मला विमानातल्या पाण्याबद्दल दोन प्रश्न विचारले. काकांना मधे झटका येऊन गेला होता. एक बाजू लुळी, बोलणं जड, सगळा दिवस खुर्चीत. चहा पिताना काकू एकदम म्हणाल्या, "नाशिककर, ती स्वस्तातली सहल अजून असती का रं? त्या बाईकडची भाकरी भाजताना बघायची राहिली." मी म्हणालो, असते. ती वस्ती सरकारने आता तिथून हलवली, हे माझ्या कानावर आलं होतं. ते मी बोललो नाही. कुठल्या महिन्यात जायचं यावर बोलणं सुरू झालं. ही म्हणाली, थंडीत. काकू म्हणाल्या, थंडीत ऊन कमी, मग भाकरी फुगायची कशी? शेवटी फेब्रुवारी ठरला, आणि काकू कपबशा गोळा करून आत गेल्या.

काकांनी चांगल्या हाताने मला खुणेने जवळ बोलावलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता, मी कान जवळ नेला.

"माझं काय जमायचं न्हाई आता. पर तू तिला न्हे. ती आल्यावर मला समदं सांगंल."

मी मान हलवली. काकांनी माझा हात धरून ठेवला होता. आतून भांड्यांचा आवाज थांबला आणि काकूंनी विचारलं, "काय रं, काय कुजबूज चाललीय दोघांची?"